आई, गोंदण राहू दे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तुला न आवडणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. गोंदण काढायला दादाने तुझ्यासाठी घेतलेली लेझरची वेळ मी त्याला रद्द करायला लावली. त्याच्यावर चिडू नकोस, हट्ट माझा आहे. तुझ्या गोंदणावरून मालूआत्या काय बोलली ते कळलं मला. लग्नात नाशिकची मंडळी तुझे हात बघतील, हे तुझ्या मनात का आलं तेही कळतं. फोनवर बोलले असते तर तू नुसतं 'बरं' म्हणून गप्प बसली असतीस.

दवाखान्यात मी रोज हेच बघते, म्हणून सांगते. लेझर कातडीखालच्या काजळीच्या कणांचा चुरा करतो. तो चुरा वाहून न्यायला शरीराला वेळ लागतो, म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. त्यात तुझं गोंदण हाताने टोचलेलं, काजळी कुठे वर तर कुठे खोल गेलेली. ते एकसारखं उतरत नाही. लग्न मार्गशीर्षात. तोवर फार तर दोन सिटिंग होतील आणि ऐन मांडवात हातावरच्या विंचवाची नांगी तेवढी पुसलेली दिसेल. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, एनडी-यॅग नावाचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, तरीही पांढुरके किंवा काळपट डाग राहू शकतात, आणि पांढरे डाग गोंदणापेक्षा जास्त डोळ्यांत भरतात. शिवाय तुझी साखर. पायाची जखम भरायला किती दिवस लागले ते आठव. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आठच्या वर असताना नवी जखम मुद्दाम कशाला करून घ्यायची?

आणि कुणी बिब्बा चोळायला सांगितला तर अजिबात ऐकू नकोस. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात. बाजारातली गोंदण घालवायची मलमंही नकोत.

फोटोपुरतं झाकावंसं वाटलंच, तर मी येऊन करून देईन. आधी नारिंगी छटेचा करेक्टर बोटाने थापायचा, त्याने हिरवट-निळा रंग दबतो. त्यावर तुझ्या रंगाचा कन्सीलर, मग पावडर. रात्री खोबरेल तेलाने सगळं निघून येतं. पण ते तुला हवं असेल तरच. लहानपणी झोप येईपर्यंत मी त्या विंचवावरून बोट फिरवायचे आणि तू हात हलवायची नाहीस. तो हात तू पदराखाली घेतलास की मला बघवत नाही गं.

बाबा, आता तुमच्यासाठी. मीही डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, तुळशीवृंदावन काढून घेतलंय. आईच्या हातावर आहे तेच. लग्नात दिसेल, म्हणून आधीच सांगते. तुम्हाला रोगाची भीती वाटणार, आणि ती खोटी नाही. जत्रेत एकाच सुईने दहा जणी गोंदवून घ्यायच्या, त्यातून कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही पसरू शकतो. इथे सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, शाई छोट्या टोपणात ओतून घेतली आणि उरलेली फेकून दिली. सुई जेमतेम दीड-दोन मिलिमीटर आत जाते. रंग फक्त काळा घेतला, कारण अॅलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगाची होते आणि पुढेमागे काढायचं झालंच तर काळा लवकर जातो. खपल्या आपोआप गळून पडल्या, नख लावलं नाही. एक मात्र आहे, वर्षभर मला रक्त देता येणार नाही. यंदाच्या शिबिराला तुमच्याबरोबर नुसती बसेन. नोकरीचं म्हणाल तर सैन्यभरतीतही हाताच्या आतल्या बाजूचं गोंदण चालतं.

आई, तुमच्या गावी कोऱ्या हाताच्या मुलीला नावं ठेवायचे. शहरात आल्यावर तेच गोंदण अडाणीपणाची खूण झालं. आता जग बदललं म्हणतात, पण ते माझ्यासारखीपुरतंच बदललंय असं मला वाटतं. वृंदावन माझ्या हातावर दिसलं की लोक विचारतात, कुठे काढलंस? तुझ्या हातावर दिसलं की विचारतात, गाव कोणतं? याचा मला फार राग येतो. न्यूझीलंडच्या नानाया महुता हनुवटीवर माओरी बायकांचं पारंपरिक गोंदण घेऊन २०२० साली परराष्ट्रमंत्री झाल्या. तुझ्या हनुवटीवरचे तीन ठिपके बघून कुणी नाक मुरडलं तर मालूआत्याला त्यांचा फोटो दाखव.

तरी शेवटचा शब्द तुझाच. लग्नानंतर साखरेचा तो आकडा सातच्या खाली आला आणि तेव्हाही तुला काढायचंच असलं, तर मी स्वतः घेऊन जाईन. आधी गोंदणाच्याच एका कोपऱ्यावर चाचणी करून घेऊ आणि दोन महिने थांबू.

तोवर सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं, बाबांनी सोबत जायचं, आणि तिथून थेट वडापावच्या गाडीवर नाही. थंडीत हातांना रोज रात्री तेल लाव. ब्लाउज लांब बाह्यांचं शिवायला टाकलंय असं वहिनी म्हणाली. शिंप्याला आजच फोन कर, बाह्या नेहमीसारख्या आखूडच ठेवायला सांग.

तुमची,
बबी