सूचना : सत्र सुरू होण्याआधी अभ्यासक्रमपत्रिका एकदा तपासा

सर्व सदस्य प्राध्यापकांना नमस्कार.

मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत होते. म्हणजे आपल्यासमोर बाकावर बसण्याच्या वयातच. आपण समुपदेशक नाही, व्हायचंही नाही. पण वर्ग कसा चालवायचा, हे आपल्या हातात आहे. म्हणून अभ्यासक्रमपत्रिकेत, म्हणजे विद्यार्थ्यांना विषयाच्या चाचण्या, गुण आणि मुदती सांगणाऱ्या पत्रकात, हे बदल करा.

सगळे गुण एकाच अंतिम परीक्षेवर टांगू नका, छोट्या चाचण्यांत विभागा. प्रकल्प जमा करण्याची वेळ मध्यरात्रीची ठेवू नका, संध्याकाळची ठेवा. झोप मोडली की चिंता वाढते. एकदा उशिरा देण्याची मुभा सर्वांनाच द्या, म्हणजे कुणाला घरची अडचण सांगत दारात उभं राहावं लागणार नाही. मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. आणि नावं पाठ करा, खरंच.

नेहमी पुढे बसणारी मुलगी सलग गैरहजर राहिली, किंवा वहीत निरवानिरवीची भाषा दिसली, तर तास संपल्यावर बाजूला घेऊन विचारा : "हल्ली दिसत नाहीस, बरं आहे ना?" शंका गंभीर असेल तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मात्र "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. जिवाला धोका वाटला तर तिला एकटं न सोडता स्वतः समुपदेशकाकडे घेऊन जा.

समुपदेशन कक्षाची वेळ आणि संपर्क पत्रिकेच्या पहिल्याच पानावर छापा. सुधारित पत्रिका पहिल्या तासाआधी गटावर टाकाव्यात, ही विनंती.