देहदानाचा अर्ज भरलात, पण घरी सांगितलंत का?

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाचे एक जुने सभासद गेले. देहदानाचा अर्ज त्यांनी दहा वर्षांपूर्वीच भरला होता. घरच्यांना तो सापडला तेराव्याला, जुन्या पासबुकांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मुलगा ती पिशवी घेऊन आमच्याकडे आला आणि कितीतरी वेळ नुसता बसून राहिला.

म्हणून हे आवाहन आधी अर्ज भरलेल्यांना. महाराष्ट्रात देहदानाला आधार देणारा १९४९चा शरीरशास्त्र अधिनियम आहे, पण कागद कितीही पक्का असला तरी घरचे नाही म्हणाले की देह हलत नाही. आज रात्री जेवताना विषय काढा. सुनेला, जावयालाही सांगा. त्या वेळी धावपळ तेच करतात.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षाची मुलं देहाला आपला पहिला गुरू मानण्याची शपथ घेतात, मगच सुरी हाती धरतात. पुस्तकातल्या चित्रात दंडाची धमनी कोपरापाशी दुभागते; प्रत्यक्षात एखाद्याची काखेजवळच दुभागलेली निघते. असे फरक देहावरच सापडतात, शोधनिबंधांत नोंदले जातात आणि पुढे ऑपरेशन करणारा हात सावध होतो.

देह टिकवण्यासाठी धमनीतून फॉर्मॅलिन हे रसायन सोडतात. त्याला उशीर चालत नाही, म्हणून शक्यतो सहा तासांत देह पोहोचावा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि आधार कार्ड सोबत ठेवा. शवविच्छेदन झालेला किंवा एचआयव्ही, काविळीसारखा संसर्ग असलेला देह सहसा घेत नाहीत. त्यात कुणी कमीपणा मानू नये. नेत्रदान करूनही देहदान करता येतं. तेवढ्यासाठी पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा.

समाजसेवक नानाजी देशमुख २०१० साली चित्रकूटला वारले आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेत पोहोचला. आपल्याला तर शेजारच्या गावापर्यंतच जायचं असतं, तरी रात्री दोन वाजता गाडी मिळत नाही. आमची खरी अडचण इथेच आहे. गाडी असलेल्यांनी महिन्यातली एखादी रात्र आम्हाला द्यावी. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी डिझेल निधीला यथाशक्ती हातभार लावावा. पावती लगेच मिळेल. दारी जाऊन घरच्यांशी शांतपणे बोलतील अशा भगिनींची तर फार गरज आहे.

कोरे अर्ज मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ५ ते ७ मिळतील. येताना घरातलं एक माणूस सोबत आणा. साक्षीदाराची सही त्याचीच घेऊ.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी