लिव्हरपूलचा निवाडा म्हणजे लंडनचा हुकूमनामा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी निकालांच्या वसुलीवरचा कालचा लेख वाचून राहवले नाही. लंडनच्या कोर्टाचा हुकूमनामा (डिक्री) आणि लिव्हरपूलच्या लवादाचा, म्हणजे करारात मान्य केलेल्या पंचांचा निवाडा, दोन्हींची वसुली जिल्हा न्यायालयात दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) टाकून होते, असे त्यात बेधडक छापले आहे. हे साफ चूक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४-अ फक्त कोर्टाच्या हुकूमनाम्यासाठी आहे. लवादाचा निवाडा त्यात धरायचा नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. निवाड्यासाठी १९९६ च्या लवाद कायद्याचे कलम ४७ लागते आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो अर्ज थेट उच्च न्यायालयात जातो. परभणी-जालन्यासाठी ते म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. लेखात दुसरीकडे 'मुंबईला अर्ज करावा' असेही आहे. पुण्या-मुंबईच्या आवृत्तीतला मजकूर आमच्या माथी जसाच्या तसा मारणे आता तरी थांबवा.

हा घोळ मोंढ्यात फार महाग पडतो. कापूस निर्यातीच्या करारात बऱ्याचदा एक ओळ असते: आंतरराष्ट्रीय कापूस संघटनेचे नियम लागू, लवाद लिव्हरपूलला. जिनिंगवाला गाठी, स्टेपल (धाग्याची लांबी), मायक्रोनेअर (धाग्याची जाडी) आणि भाव बघतो, सही करतो. पुढे बाजार चढला की 'सौदा रद्द' असा मेल टाकून मोकळा होतो. पण त्या नियमांत सौदा असा रद्द होतच नाही. तो बाजारभावाने 'इन्व्हॉइस बॅक' होतो, म्हणजे करारातला भाव आणि सौदा बंद होतानाचा भाव यांतला फरक द्यावा लागतो. १७० किलोच्या ५८८ गाठी, म्हणजे साधारण १०० टन माल पौंडाला (वजनाच्या) ८० सेंट भावाने विकला आणि भाव ९५ वर गेला, तर नुसता फरकच सुमारे ३३ हजार डॉलर. व्याज आणि लवादाचा खर्च वेगळा.

लवादाची नोटीस मेलवर येते, इंग्रजीत, आणि तशीच पडून राहते. इथेच माणूस बुडतो. निवाडा होतो, रक्कम भरली नाही तर संघटनेच्या थकबाकीदारांच्या यादीत नाव चढते, मग खंडपीठात अर्ज येतो. तिथे कलम ४८ खालचे मोजकेच बचाव चालतात. 'भाव वाढला, परवडले नाही' हा त्यात नाही. करारात दिलेल्या पत्त्यावर मेल गेल्याचा कागद समोरच्याने दाखवला, की 'नोटीस मिळालीच नाही' हेही टिकणे कठीण.

कोर्टाच्या हुकूमनाम्याचे वेगळे. परदेशी निकाल इथे कधी मानायचा नाही, याचे सहा अपवाद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहेत. पुरावा न तपासता दिलेला एकतर्फी निकाल त्यात अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या खटल्यात तसे सांगितले आहे. पण परदेशी कोर्टात हजर राहून थेट गुणदोषांवर भांडलात, तर त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलात असे धरले जाते. अधिकाराला हरकत घ्यायची ती पहिल्याच अर्जात.

आणि देश कोणता, हे लेखात कुठेच नाही! ज्यांच्या कोर्टांचे हुकूमनामे कलम ४४-अ खाली इथे थेट चालतात, त्या देशांच्या यादीत ब्रिटन आणि सिंगापूर आहेत, १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने अमिरातीही आल्या. अमेरिका आणि चीन नाहीत. तिथला हुकूमनामा असेल तर दरखास्त चालत नाही. निकालापासून तीन वर्षांच्या आत इथे नवा दावा लावावा लागतो. उलट निवाड्याला १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा (परदेशी लवाद-निवाडे मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) आधार आहे, आणि त्यात चीन-अमेरिकाही आहेत. आपला पैसा तिकडे अडकला तर लवादाची तीच ओळ आपल्याही कामी येते. ती करारातून खोडून टाका, हा लेखातला सल्ला म्हणूनच घातक आहे.

दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात छापावी, ही विनंती. हंगाम तोंडावर आहे, सेलू-मानवतला करारांवर सह्या सुरू होतील.

आपला,
एक वकील, परभणी