बाईंच्या स्मरणसभेला येताना

सर्व सदस्यांना,
सभेला भाषण नको, एक आठवण लिहून आणा. बाईंची लेक अजून वाचायला लागलेली नाही; हे कागद तिच्यासाठी जपायचे आहेत. म्हणून ‘फार प्रेमळ होत्या’ एवढ्यावर थांबू नका. माझ्या वहीत चुकलेल्या गणिताशेजारी त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘रीत बरोबर, घाई नडली.’ (नडतेच, अजूनही.) असलं काहीतरी हवं.

फोटोमागे साल आणि इयत्ता पेन्सिलीने लिहा, शाई पुढे उमटते. त्यांचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच वेगळे साठवा. फोन बदलताना हरवतात.

आणि लेकीसमोर ‘आई झोपलीय’ म्हणू नका. लहान मुलं ते खरं धरतात, मग झोपायलाच घाबरतात. घरच्यांनी तिला ‘आई वारली’ असंच सांगितलं आहे.