सांता रिताच्या दोना ताईंना

प्रिय ताई,

ब्राझीलमधलं हे अख्खं सांता रिता दो सापुकाई तुम्हाला आदराने 'दोना', म्हणजे 'बाई', म्हणतं, आमच्या तोंडी मात्र 'ताई'च बसलं. पोर्तुगीजमधलं आभारपत्र तुमच्या टेबलावर पोचलंच आहे. हे मराठीत मुद्दाम लिहितोय. मिनास जेराइस राज्यातल्या या चाळीसेक हजार वस्तीच्या गावात पुढे कुणी पुण्या-नाशिकहून इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला आलं, तर तुम्ही दिलेली शिदोरी त्याला आयती मिळेल.

सर्वांत मोठे आभार नावाच्या भानगडीबद्दल. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. शपथबद्ध अनुवादक कागदावर दिसेल तेच उतरवतो आणि एका माणसाची दोन माणसं होतात. त्यात इथे जागोजागी आईचं पूर्ण नाव विचारतात. एका कागदावर सासरचं, दुसऱ्यावर माहेरचं, की सीपीएफ, म्हणजे इथला करदाता क्रमांक, बँकेत अडकलाच. पासपोर्ट प्रमाण मानायचा, सीपीएफवर तेच नाव अक्षर न् अक्षर उतरवायचं, बाकीचे कागद त्यावरून, हा क्रम तुम्ही घालून दिलात. पदवीवर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, भारतातच, निघण्यापूर्वी. अनुवाद त्यानंतर आणि ब्राझीलमधल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच, म्हणजे अपोस्टीलचाही अनुवाद त्यात येतो. क्रम उलटला की पैसे दोनदा जातात.

व्हिजिटिंग कार्डावरचा 'एन्जेन्येरो', म्हणजे इंजिनिअर, हा शब्द तुम्ही लाल पेनाने खोडलात, तेव्हा जरा लागलंच. पण 1966 च्या कायद्याने हे बिरुद नावापुढे लावायला क्रेआ या अभियंत्यांच्या परिषदेची नोंदणी लागते, आणि परदेशी पदवी असेल तर त्याआधी तसाच अभ्यासक्रम असलेल्या इथल्या सरकारी विद्यापीठाकडून ती मान्य करून घ्यावी लागते. तोवर कार्डावर नाव, काय काम करतो ते आणि व्हॉट्सअॅप नंबर एवढंच. एमईआय या छोट्या व्यवसायाच्या नोंदणीचा मोहही तुम्हीच आवरलात. वर्षाला 81,000 रियाल (ब्राझीलचं चलन) उलाढालीची मर्यादा ऐकून सगळे तिकडे धावतात, पण अभियांत्रिकी आणि सॉफ्टवेअर बनवण्याचं काम त्या यादीतच नाही. भलत्याच कामाच्या नावाने नोंदणी केली तर ती रद्द होते, मागचा करही भरावा लागतो. त्यापेक्षा एकट्याच्या मालकीची मर्यादित कंपनी परवडली.

ओळखींचं शास्त्र मात्र कुठल्याच कार्यालयात मिळालं नसतं. सिन्या मोरेरा यांनी 1959 मध्ये इथे इलेक्ट्रॉनिक्सची शाळा काढली, 1965 मध्ये इनातेल ही दूरसंचार शिकवणारी संस्था आली. त्यामुळे कारखान्याचा मालक, दुकानदार आणि पालिकेतला माणूस अनेकदा एकाच वर्गातले निघतात. थेट ईमेल टाकलेल्याला उत्तर येत नाही; 'इंदिकासाओं', म्हणजे कुणीतरी आपलं नाव पुढे करणं, इथे अर्धं काम करून जातं. तुमचा हिशेब सोपा: इनातेलच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-प्रदर्शनात आधी पोरांचे स्टॉल बघायचे, त्यांना प्रश्न विचारायचे, मग त्यांचे शिक्षकच आपली ओळख करून देतात. कार्ड शेवटी. बेकरीत कॉफी पुढे आली तर ती बऱ्याचदा आधीच गोड असते, साखर घालण्याआधी चाखायची. आणि 'वामोस मार्कार' म्हणजे आपलं 'या एकदा चहाला'. वार आणि वेळ ठरली नसेल तर ती भेट धरायचीच नाही. त्यावर तुम्ही सुचवलेला 'गुरुवारी, सव्वातीनला, चौकातल्या बेकरीत?' हा एका ओळीचा निरोप आम्ही सगळ्यांनी फोनमध्ये जपून ठेवलाय.

शनिवारी डबा घेऊन येतो. साबुदाण्याची खिचडी आहे. साबुदाण्याचा कंद, कसावा, तुमच्याच मुलखातला; म्हणजे साबुदाणा तुमच्या पांव दे केजोच्या, त्या चीजच्या पावाच्या, पिठाचा सख्खा भाऊ. मिरची कमी घातलीय.

तुमचेच,
गावातले मराठी