कृषिमंत्री साहेब, फुलात आलेल्या पिकावर दिवसा औषध मारणं थांबवा

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात धायरीला राहतो आणि गेली 11 वर्षं मधमाश्या पाळतो. माझ्याकडे मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपियन मधमाशीच्या, 30 पेट्या आहेत. हंगाम बघून टेम्पोत टाकतो आणि नेतो, कधी इंदापूरला डाळिंबावर, कधी खेड-जुन्नरला कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर. मधापेक्षा हे भाड्याचं कामच जास्त चालतं हल्ली, कारण शेतकऱ्याला कळलंय की माशी नसेल तर फळ धरत नाही.

यंदा फेब्रुवारीत काय झालं ते आधी सांगतो. जुन्नर तालुक्यात एका प्लॉटवर 20 पेट्या लावल्या होत्या, कांद्याचे गोंडे पांढरेशुभ्र फुललेले, सकाळी नऊ वाजता नुसती घूं घूं चाललेली. चौथ्या दिवशी दुपारी मालकाचा फोन आला, दादा लवकर या, माश्या वेड्यासारखं करतायत. मी पोचेपर्यंत पाच वाजले. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा थर होता, काही अजून गरगर फिरत होत्या, पाठीवर पडून पाय झाडत होत्या. एक उचलून हातावर घेतली तर तिची सोंड बाहेर लोंबत होती आणि मागच्या पायांना परागाच्या गोळ्या तशाच चिकटलेल्या, म्हणजे बाई कामावरून घरी येत होती आणि दारात पडली. मालकाच्या आईने धान्य पाखडायचं सूप आणून दिलं, त्यात झाडून भरल्या, तीन सुपं भरली. पंधरवड्यात 20 पैकी 13 वसाहती संपल्या, कारण बाहेर जाणाऱ्या माश्या गेल्या की आतल्या अळ्यांसाठी खाणं कोण आणणार.

शेजारच्या प्लॉटमध्ये त्या दिवशी सकाळी दहाला फुलकिड्यांसाठी फवारणी झाली होती. त्या शेतकऱ्यावर माझा अजिबात राग नाही, साहेब. तो स्वतः येऊन उभा राहिला, म्हणाला मला कोणी सांगितलंच नाही पेट्या लावल्यात म्हणून, आणि दुकानदाराने दोन औषधं एकत्र करून दिली ती मी मारली. त्याचाही बियाण्याचाच प्लॉट होता! म्हणजे ज्या माश्या त्याचं बी भरत होत्या त्याच त्याने मारल्या, आणि त्याला ते माहीत नव्हतं. कांद्याच्या बारक्या फुलात आधी पुंकेसर पिकतात आणि स्त्रीभाग मागून तयार होतो, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलातनंच यावा लागतो, तो आणायला कोणीतरी लागतंच. नाहीतर मग माणसं लावायची. माश्या कमी झालेल्या प्लॉटमध्ये बाया गोंड्यांवरून हलका हात फिरवत ओळीने चाललेल्या मी बघितल्यात, दिवसभर. राजगुरूनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, त्यांच्याकडनं हे सगळं समजून घेता येईल.

डब्यावरच्या त्रिकोणाचंही बघा. लाल, पिवळा, निळा, हिरवा. शेतकऱ्याला वाटतं हिरवा म्हणजे सगळ्यांनाच सुरक्षित. पण तो रंग सस्तन प्राण्यांना किती विषारी आहे त्यावरून ठरतो, माशीला किती हे त्यातून कळतच नाही. माशीबद्दलची सूचना असली तर घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात, आणि तो कागद बांधावरच पडतो. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही औषधं झाडाच्या अंगात भिनतात, परागात आणि मकरंदात उतरतात, म्हणजे फवारा वाळला तरी विषय संपत नाही. युरोपियन युनियनने 2018 साली ही दोन आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात वापरायला बंद केली. आपल्याकडे ती सर्रास विकली जातात आणि फुलोऱ्यात वापरू नका असं काउंटरवर कोणी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल संध्याकाळी फवारा म्हणून आम्ही सल्ला देतोच. सल्ला बरोबरच आहे हो, पण जुन्नरला येऊन बघा. मजूर सकाळी आठला येतात आणि दोनला जातात. आणि बिबट्या आहे, अंधार पडायला लागला की बाया-पोरांना शेतात कोणी पाठवत नाही, आणि का पाठवावं? म्हणून तो सल्ला कागदावरच राहतो.

यावर मला एक सुचतं. ड्रोन. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभर 15,000 ड्रोन महिला बचत गटांना द्यायचं ठरलंय, बहुतांश सरकारी अनुदानातून. ड्रोनने एक एकर दहा मिनिटांत होतो. फुलोऱ्यातल्या पिकाचं बुकिंग ऊन उतरल्यावरचंच घ्यायचं, साडेपाच ते साडेसहा, असा नियम त्या ड्रोनला लावा ना. माश्या तोवर घरी परतलेल्या असतात आणि माणूस बांधावर उभा राहून काम उरकतो. हाच ड्रोन सकाळी दहाला वारा सुटल्यावर उडवला तर मात्र पंपापेक्षा वाईट, औषध शेजारच्या रानात जातं.

दुसरं म्हणजे कळवायची पद्धत. मला आदल्या रात्री फोन आला असता तर मी अंधारात जाऊन पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली असती, नाहीतर उचलून नेल्या असत्या. मेलिफेराची माशी 3 किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे मी गावभर फिरून किती जणांना सांगणार? पेट्या कुठल्या गट नंबरात आहेत याची नोंद सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (आधीचा कृषी सहायक) असावी आणि औषध विकताना दुकानदाराने पीक फुलात आहे का हे विचारून बिलावर लिहावं. दोन ओळींचं काम आहे.

पण पेट्या बंद करता येतात, रानातल्यांचं काय? आग्या मोहोळ, फुलोरी, सातेरी या रानातल्या मधमाश्या, वांग्याच्या फुलावर येणारे ते मोठे काळे भुंगे, यांचं दार कोण लावणार. आणि पुरंदरचं सीताफळ, ज्याचा आपण पुणेकर एवढा अभिमान बाळगतो, ते मधमाशीचं कामच नाही, ते फळ बारीक भुंगेरे धरवतात, फुलाच्या आत शिरून. त्यांना पेटीत कोणी पाळत नाही, त्यांचा पंचनामा कोणी मागणार नाही. म्हणून माझी मुख्य मागणी पेट्यांपुरती नाहीये. पीक फुलात असताना सकाळपासून ऊन उतरेपर्यंत माशीला घातक औषध मारायचं नाही, हा नियम हवा, नुसता सल्ला नको.

कीटकनाशकांचा कायदा केंद्राचा आहे, 1968 चा, औषधाची नोंदणी दिल्लीच्या हातात, हे मला माहितीये. पण त्याच कायद्याच्या कलम 27 खाली राज्याला तात्पुरती बंदी घालता येते. 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्याने पश्चिम विदर्भात 5 कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी घातली होतीच की. दुकानांचे परवाने तुमच्या खात्याचे, निरीक्षक तुमचे, आणि कृषी आयुक्तालय तर इथे पुण्यातच.

मधावर सरकार पैसे खर्च करत नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या मध मिशनला 500 कोटी दिले, महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 ला मधाचं गाव झालं, फार चांगलं झालं. गणेशखिंड रस्त्यावरची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, मी तिथेच शिकलो. पण अनुदानाची पेटी घेतलेला पोरगा पहिल्याच वर्षी अशी सुपं भरून माश्या झाडतो, आणि परत या धंद्यात येत नाही. मी पंचनाम्यासाठी एका कार्यालयात गेलो तर म्हणाले पीक कुठलं, म्हटलं पीक नाही माश्या, तर फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. दोन तास बसून परत आलो. तो रकाना तेवढा घाला.

पुढचे कांद्याचे गोंडे जानेवारीअखेर फुलायला लागतील, आदेश डिसेंबरमध्ये निघाला तर दुकानांपर्यंत पोचेल. माझ्या 13 पेट्या धायरीत गच्चीवर रिकाम्या पडल्यात, पावसाळ्यानंतर उरलेल्या वसाहती फोडून, म्हणजे एकीच्या दोन करून, त्या परत भरणार आहे. जुन्नरच्या त्याच मालकाने येत्या हंगामातही या म्हणून सांगितलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही, तुमच्या आदेशाची वाट बघतोय.

आपला,
एक मधपाळ, धायरी, पुणे