सेलूच्या टेलरकडून डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

मी सेलूचा टेलर. पहिल्या भेटीत तुमच्या ॲप्रनच्या उसवलेल्या खिशाकडे बघत बसलो आणि तुमचं अर्धं बोलणं ऐकायचं राहून गेलं, तोच मी. तोंडावर आभार मानायला गेलो की शब्द सुचत नाहीत, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

सहा वर्षं डोकं दुखत होतं. उजवीकडून, मानेच्या खाचेतून कळ उठायची आणि करंट लागल्यासारखी टाळूवरून थेट डोळ्यामागे. कंगवा फिरवला तरी कातडी ओरडायची. घरची म्हणायची, "काहून डोकं धरून बसलाव?" तिला काय सांगणार. दोनदा चष्मा बदलला, एक चांगली दाढ उपटून घेतली, सायनसचा एक्स-रे झाला, मीठमोहरीने दृष्ट काढली. एका ठिकाणी तर सांगितलं, हे सगळं मनाचं आहे. ते ऐकून आलो त्या रात्री झोप लागली नाही.

सेलूहून रेल्वेने संभाजीनगरला तुमच्याकडे आलो तेव्हा मनात शंकाच होती. भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशनआधी माणसाला झोपवणारा, एवढंच आम्हाला ठाऊक. तो डोकेदुखीचं काय करणार?

तुम्ही मान चाचपलीत आणि एका जागी बोट दाबलंत. तीच कळ, तीच वाट, डोळ्यापर्यंत! सहा वर्षांत कुणी ती जागा दाबून पाहिली नव्हती. मानेच्या दुसऱ्या मणक्यापाशी निघून डोक्याच्या मागच्या कातडीत जाणारी ही नस, असं सांगून तुम्ही तिचं नाव कागदावर लिहून दिलंत, ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह. (आमच्याकडे रक्ताची असो की संवेदनेची, दोन्हीला नसच म्हणतात, त्यामुळे आधी मी घाबरलो होतो.) मानेत बिघाड असताना डोळा का दुखावा, हेही समजावलंत. मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस मज्जारज्जूत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. धागा इथे ओढला की चुणी तिथे पडते, हे मला लगेच पटलं.

पण तुम्ही लगेच सुई टोचली नाहीत, आणि माझे खरे आभार त्याबद्दलच आहेत. खिशातली गोळ्यांची पट्टी बाहेर काढायला लावलीत. म्हणालात, महिनाभर कॅलेंडरवर खुणा करा, दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल. दुधाच्या हिशेबाशेजारी मी त्या खुणा करत गेलो. महिन्याअखेर बावीस फुल्या आणि एकोणीस गोल. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी (एकीत दोन-तीन औषधं असलेली) 10 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालली तर गोळीच डोकं दुखवायला लागते, हे तेव्हा कळलं. म्हणजे दुखण्यातलं निम्मं मीच विकत आणत होतो. गोळ्या बंद केल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस मात्र, खरं सांगतो, तुम्हाला शिव्या घातल्या.

मग ब्लॉक, म्हणजे नसेपाशी सुई टोचून ती बधिर करणं. टेबलावर उशी, तिच्यावर कपाळ. कवटीमागचा उंचवटा आणि कानामागचं हाड यांच्यामधल्या रेषेचा मधल्या बाजूचा एक तृतीयांश मोजून तुम्ही पेनाने खूण केलीत. आम्ही मुंढ्याला खडू लावतो अगदी तशी. बधिर करणारं औषध आणि थोडं स्टेरॉइड. शुगर असल्यामुळे ती काही दिवस चढेल हे आधीच बजावलं होतंत, आणि चढलीच. सुई माझ्या रोजच्या सुईपेक्षा कमी टोचली. थोड्या वेळात उजवी बाजू परक्याची झाली. स्टेशनवर कंगवा फिरवून पाहिला, तो केसातून गेलेला कळलाच नाही. बाकड्यावर एकटाच हसत होतो.

बधिरपण संध्याकाळी उतरलं, आराम सात आठवडे टिकला. तेवढ्यावर तुम्ही म्हणालात, आता खात्री झाली, दोष याच नसेचा. दुसरा ब्लॉकही असाच ओसरला तेव्हा पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी सुचवलीत, म्हणजे सुईच्या टोकातून नसेला थांबून थांबून विजेच्या लहरी देणं. नस जाळणार म्हणून मी घाबरलो होतो. जाळत नाही, सुईचं टोक 42 अंशांच्या वर जाऊ देत नाही, असं सांगितलंत. आधी बारीक करंट सोडून विचारलंत, "झिणझिण्या कुठे येतात?" मी म्हणालो, "टाळूला." "मग सुई जागेवर आहे."

एकदाही 'कायमचं बरं करते' असं म्हणाला नाहीत. सगळ्या डोकेदुखीला ही सुई लागू पडत नाही, असर उतरतो, पुन्हा यावं लागेल, हे उपचाराआधीच सांगितलंत. आज चार महिने झाले. दुखणं गेलेलं नाही, पण दिवाळीच्या सीझनमध्ये रात्री अकरापर्यंत मशीनवर बसलो. मशीनखाली लाकडाचे ठोकळे घालून ते उंच केलंय, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. मान कमी वाकते.

तुमचा खिसा मी दुसऱ्या खेपेला शिवून दिला, त्याचे पैसे तुम्ही काढायला लागलात. ते मला अजून आवडलेलं नाही.

आपला,
सेलूचा टेलर

ता. क. या महिन्यात फुल्या पाच, गोल दोन. त्यातला एक गोल लेकीच्या वऱ्हाडात डीजेसमोर उभं राहिल्याचा आहे, तो धरू नका.